धक्क्याला लागताना

मध्य रेल्वेच्या परिभाषेत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईकडून येणारी 'डाउन'. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे दोन शब्द शाळेच्या आधी भेटतात, आणि त्यांचा उंचीशी काही संबंध असावा अशी शंकाही येत नाही. मात्र कर्जतला डेक्कनच्या वाटेवरची एखादी गाडी थांबते, मागून बँकर इंजिने येऊन तिला जोडली जातात, प्रवासी वडापाव घेऊन जागेवर परततात आणि मग सदतीसास एक अशा चढावर ती गाडी लोणावळ्याच्या दिशेने घाट चढू लागते. तेव्हाही रेल्वेच्या दफ्तरी ती 'डाउन'च असते. सहाशे मीटर उंचीवर नेणारी वाट 'खाली' जाणारी, आणि समुद्रसपाटीकडे उतरणारी 'वर' जाणारी. 'वर' म्हणजे जिथे मुख्यालय आहे ते, इतकाच याचा अर्थ. दिशा ही निसर्गात असते अशी आपली समजूत असली, तरी ती बहुधा कुणाच्या तरी दफ्तरात असते.

हे सारे मला माहीत होते, पण त्याकडे लक्ष गेले ते एका खेळामुळे. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'पीएसएलव्ही सी-६०'ने 'स्पेडेक्स' मोहिमेचे दोन उपग्रह नेले. सुमारे दोनशेवीस किलो वजनाच्या या दोन जुळ्या यानांनी अंतराळात एकमेकांना शोधून एकमेकांशी जोडले जायचे होते. जानेवारीत तारखा पुढे गेल्या. एकदा ती पंधरा मीटरांवर, मग तीन मीटरांवर आली आणि पुन्हा सुरक्षित अंतरावर नेली गेली. अखेर १६ जानेवारी २०२५ रोजी जोडणी झाली आणि हे साधणारा भारत हा जगातला चौथा देश ठरला. त्या पंधरवड्यात मुलाने संगणकावर 'ऑर्बिटर' नावाचा खेळ उतरवून घेतला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन करणाऱ्या मार्टिन श्वायगर यांनी २००० साली तो प्रथम प्रसिद्ध केला. तो विनामूल्य आहे, आणि २०२१पासून त्याची संहिताही खुली आहे. 'खेळ' म्हटले तरी त्यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, संगीत जवळजवळ नाही. एक यान आहे, एक स्थानक आहे, आणि न्यूटनचे नियम आहेत. मुलगा तासन्‌तास त्या स्थानकाच्या आसपास घिरट्या घालीत असे.

माझा त्यात शिरकाव झाला तो शब्दांच्या निमित्ताने. विज्ञानदिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, आमच्या इमारतीतल्या मुलांना त्याला ही जोडणी समजावून द्यायची होती, आणि मराठीत द्यायची होती. "आई, पिच, यॉ आणि रोल यांना मराठीत काय म्हणतात?" असा त्याचा पहिला प्रश्न. परिभाषाकोशातले शब्द मी काढून दिले, ते त्याने वाचले आणि शांतपणे बाजूला ठेवले. त्याचेही बरोबर होते. दहा वर्षांच्या पोरांपुढे ते शब्द उच्चारले असते तर यान जागीच राहिले असते. मग आम्हाला एक साधी युक्ती सापडली. होकार देताना मान वर-खाली होते, ते पिच. नकार देताना ती डावी-उजवीकडे वळते, ते यॉ. आणि रोल म्हणजे? मान न वळवता, न झुकवता, नुसती खांद्याकडे कलती करायची. होय नाही, नाहीही नाही, 'बघू', 'चालेल', 'तुम्ही म्हणता तर' या साऱ्यांच्या मधली ती खास भारतीय मान. परदेशी पाहुण्यांना जिचा अर्थ कधी लागत नाही, ती आपली मान म्हणजे शुद्ध रोल आहे! यानाच्या तीन फिरक्यांपैकी तिसरी आपल्या लोकांना जन्मतः येते, असे म्हणायला हरकत नसावी.

पण फिरकी कळली तरी 'कशाच्या सापेक्ष' हा प्रश्न राहतोच. 'ऑर्बिटर'ची माहितीपुस्तिका मी वाचली, आणि व्याकरणाच्या माणसाला आवडावी अशी ती निघाली. आरंभी परिभाषा, मग नियम, मग अपवाद. प्रत्येक यानाचा आरंभबिंदू त्याच्या वस्तुमानमध्याशी धरायचा. तिथून उजवीकडे जाणारा तो 'क्ष' अक्ष, वरच्या बाजूचा 'य', आणि पुढच्या दिशेचा 'झ'. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत अक्ष बहुधा उजव्या हाताच्या बोटांनी दाखवतात. या खेळाने डावा हात पत्करला आहे. उजवा का नाही, याला उत्तर नाही. असे ठरले आहे, एवढेच. आणि एकदा ठरले की त्या विश्वातल्या प्रत्येक यानाला ते पाळावे लागते. यानाची 'वरची बाजू' यानाबरोबर फिरते. यान उलटे झाले तर 'वर' पृथ्वीकडे होते, आणि यानाला त्याचे काहीच वाटत नाही. चालवणाऱ्याला मात्र वाटते.

आपल्या दिशांच्या नावांतही असाच एक माणूस उभा आहे, आणि आपण त्याला विसरलो आहोत. 'पूर्व' म्हणजे पुढचे, 'पश्चिम' म्हणजे पाठीमागचे, 'दक्षिण' म्हणजे उजवे. ही नावे ज्याने दिली तो सूर्योदयाकडे तोंड करून उभा होता. त्याच्या उजव्या हाताला जे आले ते आपण दिशा म्हणून कायमचे स्वीकारले. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरायचे ती प्रदक्षिणा. अंबरनाथच्या शिवालयाचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे आत शिरणारा भाविक आपोआप त्या प्राचीन माणसाच्या पवित्र्यात येतो, म्हणजे पूर्वाभिमुख होतो. तिथून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचे. देवाकडे जाण्याची वाट खाली जाते, आणि डोक्यावर शिखर नसल्याने आकाश उघडे. शके ९८२चा, म्हणजे इसवी १०६०चा शिलालेख असलेल्या त्या मंदिरात वर-खालीचा संकेत असा सहज उलटवलेला आहे. इंग्रजीतला 'ओरिएंटेशन' हा शब्दही पूर्वेकडे तोंड करण्यावरूनच आला. आम्हा प्राध्यापकांना मात्र हा शब्द दीर्घकाळ बढतीसाठी कराव्या लागणाऱ्या चार आठवड्यांच्या वर्गापुरताच ठाऊक होता, आणि त्या वर्गात आमचे तोंड नेमके कुठे असे, ते न बोललेले बरे.

डाव्या-उजव्याची गोष्ट तर अधिक गमतीची. 'डावलणे' हे क्रियापद 'डावा'पासून, आणि 'उजवे ठरणे' म्हणजे सरस ठरणे. बाजूंना आपण नुसती नावे देत नाही, गुण देतो. 'सव्य' हा शब्द कोशात पाहावा तर डावे आणि उजवे असे दोन्ही अर्थ सापडतात. ज्यांना यान जोडायचे आहे त्यांनी असा शब्द चुकूनही वापरू नये. दर्यावर्दी लोकांनी यातून सुटका करून घेतली ती वेगळ्या तऱ्हेने. इंग्रजी जहाजाची डावी बाजू 'पोर्ट', कारण जुन्या जहाजांचे सुकाणू उजव्या अंगाला असे आणि ते चेपू नये म्हणून बंदराच्या धक्क्याला डावी बाजू लावीत. म्हणजे 'डावे' हे नावच मुळी धक्क्याला लागण्यातून आले. हेच शब्द पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाजूंना मिळाले. त्यांच्या जोडीला पुढचे, मागचे, आणि वर-खालीसाठी दोन जुने खगोलशास्त्रीय शब्द आहेत. त्यांची आपली प्रतिरूपे पंचांगवाल्यांना ठाऊक आहेत: खस्वस्तिक आणि अधःस्वस्तिक. २६ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला यांचे यान स्थानकाला लागले ते 'हार्मनी' कक्षाच्या खस्वस्तिकाकडच्या दारी, हे वाक्य मराठीत किती स्वाभाविक वाटते ते पाहावे. इथे 'वर' म्हणजे पृथ्वीपासून दूर. स्थानक पृथ्वीभोवती फिरताना आपले पोट सतत पृथ्वीकडे ठेवते, म्हणून त्याला वर-खाली आहे. तो त्याने स्वतःपुरता पाळलेला नियम आहे, आणि येणाऱ्याला तो मानावा लागतो.

आता 'डॉकिंग'. वर्तमानपत्रांनी 'डॉकिंग' तसेच ठेवले किंवा 'जोडणी' म्हटले. 'जोडणी' चुकीचा नाही, पण सुतारकामाचा आहे. आमच्या कॅम्पात फर्निचरवाल्यांच्या दुकानांपुढे रोज जोडणी चालते, तिथे एक फळी दुसरीकडे प्रवास करून येत नाही. मला आठवला तो बोटीचा शब्दप्रयोग. बोट धक्क्याला लागते. भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या कोकणी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. यान धक्क्याला लागले! मुलगा हसला. म्हणाला, "आई, यात धक्काच तर लागू द्यायचा नसतो." 'स्पेडेक्स'ची याने एकमेकांना टेकायची ती सेकंदाला दहा मिलिमीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे मुंगीच्या चालीने. धक्का न लागता धक्क्याला लागणे. आपल्या शब्दांत विरोधाभास असा फुकट मिळतो. तो शब्द यादीत राहिला.

या शब्दासाठी मी तळमजल्यावरच्या दादांकडे गेले होते. दादा म्हणजे आमचे सिंधी शेजारी, वय पंच्याऐंशीच्या घरात. माझ्या लहानपणापासून आमची घरे एकमेकांना लागून आहेत, आधी बराकीत आणि बराक पाडून इमारत झाल्यावर तिच्यात. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणून ठेवले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले, हा इतिहास वाचकांना माहीत असेल. दादा कराचीहून बोटीने आले, सात-आठ वर्षांचे असताना. त्यांना बंदराबाहेर खोळंबलेली बोट आठवते, उलट्या आठवतात, आणि धक्क्यावरचा एक माणूस आठवतो. बोटीवरून दोर फेकले गेले, ते फेकणारा त्यांना आठवत नाही. खाली उभा राहून झेलणारा आठवतो. तो हात हलवत एकच काहीतरी पुन्हापुन्हा ओरडत होता, आणि ते काय होते हे त्यांना कित्येक वर्षांनी गजानन मार्केटपाशी ट्रक मागे घेणाऱ्या पोऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कळले: "येऊ द्या, येऊ द्या." दादांनी ऐकलेले ते पहिले मराठी.

दादांच्या घरी एक जुने सिंधी पुस्तक आहे. अरबी वळणाच्या लिपीतले, उजवीकडून डावीकडे वाचायचे. लहानपणी मी ते हातात घेऊन नेहमी शेवटच्या पानापासून उघडी, आणि दादांना माझी बालभारती शेवटापासून उघडलेली वाटे. पुस्तकाचे तोंड कोणते आणि पाठ कोणती, हे पुस्तकात नसते. समोरासमोर बसलेल्या दोन वाचणाऱ्यांची ती गोष्ट आहे, आणि 'ऑर्बिटर'मधल्या जोडणीच्या नियमाला मी जेव्हा पोचले तेव्हा मला तेच आठवले.

तो नियम असा. यानाचे प्रत्येक दार तीन गोष्टींनी सांगितले जाते. पहिली, दार यानावर कुठे आहे. दुसरी, ते कोणत्या दिशेला उघडते. तिसरी, त्याची 'वर'ची बाजू कोणती. दोन दारे जुळायची तर त्यांच्या उघडण्याच्या दिशा एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध असाव्या लागतात, आणि 'वर'च्या दिशा नेमक्या एक. पहिली अट वाचताच पटते, कारण समोरासमोर येणे म्हणजेच विरुद्ध तोंडे. दुसरी अट वरवर क्षुल्लक वाटते, पण सारी कसोटी तीच आहे. तोंडे विरुद्ध असल्याने माझे उजवे ते त्याचे डावे झालेले असते. पुढे-मागे उलटले, डावे-उजवे उलटले, उरला एकच अक्ष, आणि त्या एका बाबतीत तरी दोघांचे एकमत हवे. सारे उलटे असूनही 'वर'पुरते एक असणे.

या कसोटीवर बेतलेला खेळ फार जुना आहे. १९८४ साली ब्रिटनमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' नावाचा खेळ लिहिला. त्यातले स्थानक स्वतःभोवती गिरक्या घेते आणि त्याचे दार म्हणजे टपालपेटीसारखी आडवी फट. त्या फटीशी आपली गिरकी जुळवल्याशिवाय आत जाता येत नाही. नाही जुळली तर यान फुटते. 'ऑर्बिटर' इतका क्रूर नाही. २०२० साली स्पेसएक्सने ब्राउझरमध्ये खेळता येईल असा एक जोडणीचा सराव खुला केला, तो मीही खेळून पाहिला. पडद्यावर हिरवे आकडे असतात, ते सारे ०.२च्या खाली आणायचे. माझ्यासारखीला तिथे पहिली गोष्ट जाणवते ती ही, की एकदा दिलेली फिरकी थांबत नाही. रस्त्यावर, पाण्यावर, हवेत आपण ढकलणे थांबवले की वस्तू थांबते. तिथे थांबवण्यासाठी तेवढेच उलटे ढकलावे लागते. प्रत्येक कृतीची परतफेड हातानेच करायची. वळणे वेगळे आणि सरकणे वेगळे, हेही तिथेच शिकावे लागते. 'ऑर्बिटर'मध्ये तर एकच कळ दाबून हात वळण्यावरून सरकण्यावर न्यायचा असतो, आणि घाईत माणूस सरकायचे तिथे वळतो. आपल्या वादविवादांत हे रोज घडते.

एरवी जवळ जाण्याचा मार्गही सरळ नसतो. जून १९६५मध्ये 'जेमिनी ४'च्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी मागे राहिलेल्या रॉकेटच्या टप्प्याकडे यान सरळ रोखून वेग दिला, आणि ते त्याच्यापासून दूर जात राहिले. कक्षेत वेग वाढवला की यान उंच कक्षेत जाते आणि मागे पडते. गाठायचे तर आधी थोडे मंद व्हावे लागते, खालच्या, अधिक जलद कक्षेत उतरावे लागते. ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि तिचा विस्तार इथे नको.

मला थांबायचे आहे ते 'कोण वळणार' या प्रश्नाशी. जोडणीच्या परिभाषेत दोघांना दोन नावे असतात. पाठलाग करणारा तो 'चेझर', ज्याच्याकडे जायचे ते 'टार्गेट'. सुरुवातीच्या यंत्रणांत एकाला पुढे आलेला दांडा आणि दुसऱ्याला खोलगट शंकू असे, आणि अभियंते त्यांना नर-मादी म्हणायला संकोचत नसत. १९७५ साली अमेरिकेचे 'अपोलो' आणि सोव्हिएत संघाचे 'सोयुझ' जोडायचे ठरले तेव्हा व्लादिमीर सिरोम्यातनिकोव्ह या अभियंत्याच्या रचनेत दोन्ही बाजूंची तोंडे सारखी झाली. दोघांना तीन-तीन पाकळ्या, आणि एकाच्या पाकळ्या दुसऱ्याच्या मधल्या जागांत बसायच्या, दोन हातांची बोटे गुंफावीत तशा. अशा रचनेत कोणीही कर्ता होऊ शकतो. १७ जुलैला 'अपोलो'ने पुढाकार घेतला, १९ जुलैच्या दुसऱ्या जोडणीत तो 'सोयुझ'ने घेतला. 'स्पेडेक्स'ची साडेचारशे मिलिमीटर व्यासाची दारेही याच जातीची, परस्परांसारखी आहेत.

त्याच मोहिमेत भाषेचाही एक संकेत ठरला होता, आणि तो मला दारांच्या रचनेइतकाच मोलाचा वाटतो. सरावात असे दिसले की अमेरिकनांनी रशियन बोलावे आणि रशियनांनी इंग्रजी, तर समजणे सर्वांत सोपे जाते. परकी भाषा बोलणारा सावकाश, सोपे, मोजके बोलतो, आणि ऐकणाऱ्याला ती आपली असते. टॉम स्टॅफर्ड यांच्या रशियनला ओक्लाहोमाचा सूर होता आणि लिओनोव्ह त्याची थट्टा करीत. हे वाचले तेव्हा मला जाणवले की दादा आणि मी गेली चाळीस वर्षे हेच करीत आहोत. मी त्यांच्या दारात उभी राहून "कीअं आहियो?" विचारते, ते मराठीत उत्तर देतात, आणि त्यांच्या मराठीत लिंगे सिंधीची असतात. बाजारच्या हिंदीत दोघांचेही भागले असते. पण तिच्यात आम्ही दोघेही पाहुणे.

आणि मग 'आहे'. सिंधीत 'आहे'ला 'आहे'च म्हणतात. मराठीहून हजार किलोमीटर दूर बोलली जाणारी एक भाषा, मध्ये गुजरातीचा 'छे', चहूकडे हिंदीचा 'है', आणि तिथे आपले क्रियापद जसेच्या तसे उभे. दोन भाषांची दारे आधीच एका मापाची असावीत तसे. लहानपणी मला हे विशेष वाटत नसे. व्याकरण शिकवू लागल्यावर वाटू लागले.

या साऱ्याला एक अवघड काळ येऊन भिडला. १६ एप्रिल २०२५च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा झाली, १७ जूनला तो निर्णय बदलून आला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. त्या दिवसांत कल्याणहून सुटलेल्या डब्यात, भाजीच्या गाडीवर, आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय होता: कोणी कोणाची भाषा बोलायची. मी मराठी शिकवते. माझी बाजू कोणती असे विचारणे व्यर्थ आहे. इथे स्थानक मराठी आहे, येणाऱ्याने तिच्या 'वर'ला आपले 'वर' जुळवावे, हे मला मान्य आहे आणि ते मी वर्गात सांगते. पण त्या पावसाळ्यात, जुलैच्या सुरुवातीला, पहिल्या वर्षाच्या वर्गात एका मुलाने, ज्याच्या घरी भोजपुरी आहे आणि जो कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात अर्धा दिवस काम करतो, सरळ विचारले: "मॅडम, यायचंय तर आम्हालाच. पण दार कुठंय?"

त्याला उत्तर देताना मला अभियंत्यांचीच एक संज्ञा उपयोगी पडली. ते लक्ष्याचे दोन प्रकार करतात: सहकार्य करणारे आणि न करणारे. सहकार्य करणारे लक्ष्य आपली दिशा स्थिर राखते, स्वतःवर परावर्तक आणि खुणा लावते, दिवे पेटवते, आपण कुठे आहोत ते कळवत राहते. बाहेरून ते नुसते उभे दिसते, पण तसे उभे राहण्यासाठी आत सतत काहीतरी चालू असते. जून १९८५मध्ये 'साल्युत ७' हे सोव्हिएत स्थानक निकामी होऊन अंधारात तरंगत होते. ना दिवा, ना संदेश. झानिबेकोव्ह आणि साविनिख यांनी नुसत्या नजरेने, हाताने यान चालवून ८ जूनला त्याला गाठले. तो पराक्रमच होता. पण दर येणाऱ्याकडून पराक्रमाची अपेक्षा करणारे स्थानक ओसाड राहते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे परके वाटू नये. 'संकेत' म्हणजे ठरलेला नियम, आणि 'संकेत' म्हणजेच प्रियकरांच्या भेटीची ठरलेली जागा. आपल्या काव्यशास्त्राने या दोन्हींना एकच शब्द दिला. भेट आधी ठरलेल्या खुणांवाचून होत नाही हे त्या शब्दातच आले. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी अभिसारिका रात्री निघून संकेतस्थळी जाते, आणि आपल्या चित्रकारांनी, कवींनी तिचे कौतुक पुष्कळ केले: पाऊस, साप, निसटलेली पैंजणे. वासकसज्जेकडे आपले लक्ष कमी जाते. ती घरीच असते. पण ती दिवा लावते, शय्या सजवते, दार उघडे ठेवते, स्वतः सजते. तिच्या नावातच 'सज्ज' आहे. 'टार्गेट'ला याहून चांगला मराठी शब्द मला सुचलेला नाही, आणि इमारतीतल्या पोरांपुढे तो चालणार नव्हता हेही खरे.

संधीच्या पाठातही हेच शिकवतो आपण. 'घर' आणि 'ई' मिळून 'घरी' होते तेव्हा आधीचा स्वर जातो, नंतरचा राहतो. 'नदी' आणि 'आत' यांचे 'नदीत' होताना नंतरचा जातो. आणि 'महा' आणि 'ईश' जवळ आले की आ जातो, ई जाते, आणि दोघांत नसलेला ए येतो. कोणी मागे सरायचे याचा एकच नियम भाषेनेही केलेला नाही. तपशील पाहून ठरवले आहे.

त्या मुलाला मी नायिका सांगितल्या नाहीत. पुढच्या तासाला फळ्याच्या मध्यभागी 'आहे' लिहिले आणि ज्याच्या त्याच्या घरचा शब्द मागितला. सिंधी मुलींनी 'आहे'च सांगितले आणि बाकीच्यांना ती थट्टा वाटली. तीनदा म्हणून घ्यावे लागले. गुजराती 'छे' आला, हिंदी 'है' आला, त्या मुलाने 'बा' सांगितले. मागच्या बाकावरून एकीने हळूच तेलुगू 'उंदि' म्हटले. ती वर्षभर बोलली नव्हती, असे तिच्या मैत्रिणीने सांगितले. मग आमच्याच मराठी मुलांनी तोंड उघडले: धुळ्याहून आलेल्याने अहिराणी 'शे', बदलापूरच्या आगरी मुलाने 'हाय'. 'हाय'वर हशा झाला, आणि तो मुलगा म्हणाला, "हसता काय, आमच्याकडं हायच हाय." तासाची घंटा झाली तेव्हा फळ्यावर सात शब्द होते, आणि ते पुसून टाकू नका असे पुढच्या तासाच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी सांगून ठेवले.